दमाचा तास

देहूरोडला सकाळी शिट्टी ऐकू आली, तर ती भिंतीच्या पलीकडची की अलीकडची, हे परक्या माणसाला चटकन कळत नाही. पलीकडे लष्कराचा डेपो, अलीकडे शाळा. शिट्टीनंतर येणाऱ्या आज्ञाही बऱ्याचशा सारख्याच: सावधान, विश्राम, दाहिने मुड, कदमताल. फरक कळतो तो पायांच्या आवाजावरून. जवानांचा पाय एकदम पडतो. शाळेचा पाय पत्र्यावर पाऊस पडावा तसा पडतो; आधी तुरळक, मग सगळा, आणि शेवटी कुणातरी एकाचा उरलेला.

त्या उरलेल्या पायाविषयी मला फार आपुलकी आहे. आमच्या शाळेत तो बहुतेक वेळा माझा असायचा.

माध्यमिक शाळेतली मुलं शारीरिक शिक्षणाच्या तासाला नेमकं काय शिकतात, हा प्रश्न घेऊन मी देहूरोड ते लोणावळा या पट्ट्यात फिरलो. प्रश्न विचारला की समोरचा आधी हसतो. पालक म्हणतात, ‘शिकायचंय काय त्यात? खेळतात.’ मुलं जास्त खरं बोलतात. नववीतल्या एका मुलाला मी विचारलं, आज पी.टी.ला काय आहे? तो म्हणाला, ‘गणित.’

हाच पट्टा का, तर शरीराचं काय करायचं याची तीन निरनिराळी उत्तरं इथे एकाच रुळावर आहेत. देहूरोड स्टेशनावर उतरून आत गेलं की तुकोबांचं देहू. त्यांच्या गाथेत टिपरी, विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, फुगडी या खेळांवरचे अभंग आहेत. परमार्थ सांगायला त्यांना खेळणारी पोरं जवळची वाटली. स्टेशनाला लागून डेपो, दारूगोळा आणि आयुध निर्माणी यांचं छावणीचं गाव. कॅन्टोन्मेंट बोर्ड १९५८चं, पण लष्कर त्याआधीपासूनचं. आणि बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली करत गाडी जिथे थांबते, त्या लोणावळ्यात कैवल्यधाम. तिथे १९२४पासून आसनं आणि प्राणायाम प्रयोगशाळेत मोजले जातायत. एकाने सांगितलं खेळा, दुसऱ्याने सांगितलं रांगेत या, तिसऱ्याने सांगितलं श्वासाकडे बघा.

तिन्हींना जोडणारा एक शब्द मराठीत आयता आहे: दम. कबड्डीत दम घेतात, धावल्यावर दम लागतो, सर दम देतात, आई दम धरायला सांगते, आणि वेदान्ती माणूस शमाच्या जोडीला दम सांगतो तो इंद्रियांचा. शारीरिक शिक्षणाच्या शंभर वर्षांच्या इतिहासात भांडण झालं ते यातला कोणता दम शिकवायचा यावरून, असं मला वाटतं. बाकी समित्या आणि अहवाल.

*

आधी प्रत्यक्षातला तास पाहू. वेळापत्रकात तो आठवड्यातून दोन-तीनदा असतो आणि बहुधा शेवटचा किंवा मधल्या सुट्टीनंतरचा असतो. म्हणजे पोटात डबा किंवा डोक्यात घर. मावळात त्याला आणखी एक शत्रू आहे, पाऊस. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. देहूरोडला त्या मानाने कमी, पण मैदानाचा चिखल व्हायला पुरेसा. शाळा उघडते जूनमध्ये आणि पाऊसही जूनमध्येच. दसऱ्यापर्यंत मैदान मोकळं होत नाही, पुढे परीक्षा, दिवाळी, मग स्नेहसंमेलन, आणि जानेवारीनंतर दहावीच्या वर्गाला मैदान दिसतं ते खिडकीतून. शालेय स्पर्धा मात्र पावसाळ्यातच सुरू होतात. त्यामुळे पहिल्या फेरीचा कबड्डीचा सामना ज्याने खेळला, त्याला पकड कशी करायची यापेक्षा चिखलात उभं कसं राहायचं हे आधी येतं.

पावसाळ्यात मग तास वर्गात होतो आणि वही निघते. शारीरिक शिक्षणाची वही हा मराठी शाळेतला एक विलक्षण प्रकार आहे. पट्टी-पेन्सिलीने आखलेली मैदानं, खाली मापं. खो-खो, २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद, दोन टोकांना दोन खांब, मधल्या गल्लीत आठ चौक. कबड्डी, मुलांसाठी १३ बाय १०. व्हॉलीबॉल १८ बाय ९, जाळी पुरुषांना २.४३ मीटर आणि स्त्रियांना २.२४. मला ही मापं अजून पाठ आहेत आणि मी आयुष्यात एकदाही व्हॉलीबॉल खेळलेलो नाही.

पण वहीची थट्टा करताना जरा थांबायला हवं. तीच आकृती जमिनीवर उतरवायला घेतली की गोष्ट बदलते. सुतळी, खुंट्या, फक्कीची बादली घेऊन चार मुलं मैदान आखतायत, हे दृश्य ज्याने पाहिलंय त्याला कळेल. कोपरा काटकोनात येत नाही. तीन-चार-पाचाचा त्रिकोण वर्गात शिकलेला असतो. इथे तो सुतळीने ताणावा लागतो, आणि एक बाजू बोटभर ढिली राहिली तरी समोरच्या कोपऱ्यात मैदान हातभर तिरकं जातं. भूमिती खरी असते असा विश्वास मला फळ्यापेक्षा फक्कीने जास्त दिला. त्या अर्थाने पी.टी.ला गणित असायला माझी हरकत नाही.

आता सर. ‘पी.टी.चे सर’ ही शाळेतली एक संस्थाच असते. बी.पी.एड. झालेला हा माणूस सकाळी फाटकात उभा राहून उशिरा येणाऱ्यांना अडवतो, केस आणि नखं तपासतो, परिपाठाला रांगा लावतो, सव्वीस जानेवारीचं संचलन बसवतो, पाहुणे आले की लेझीम काढतो, सहलीला मुलं मोजतो. यातलं शिकवणं किती आणि पहारा किती? तळेगावच्या बाजूच्या एका शाळेतले सर म्हणाले, ‘आम्हाला वर्गात दंगा झाला की बोलावतात. खेळ शिकवायला कुणी बोलावत नाही.’ शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय, आणि सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरच्या वर मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा असंही. अंशकालीन. शरीर पूर्णवेळ असतं, ही बाब तेव्हा कुणाच्या लक्षात आली नसावी.

माझ्या स्वतःच्या शाळेत, तिचं नाव सोडून देतो, संघ निवडायची पद्धत अशी होती की वर्गातले दोन पहिलवान समोरासमोर उभे राहायचे आणि आळीपाळीने एकेक नाव घ्यायचे. शेवटी आम्ही दोघं उरायचो, मी आणि एक दम्याचा मुलगा. मग एक कर्णधार म्हणायचा, ‘दोन्ही तूच घे.’ चार वर्षांत मी या तासाला हे मात्र नीट शिकलो: आपलं नाव शेवटी येणार हे आधीच ओळखून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसायचं. या विषयाला नुसतं आनंददायी म्हणणारे लोक बहुधा पहिल्या चारांत निवडले गेलेले असतात.

*

कवायत आपल्याकडे आली ती पलटणींतून आणि युरोपातल्या व्यायामशाळांतून. हातवारे, डंबेल्स, आकड्यांवर हलणारे हात. देशी लोकांनी ती नाकारली असं झालं नाही. त्यांनी तिची भाषा बदलली. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न माणिकराव यांनी सांघिक व्यायाम बसवला आणि त्याच्या आज्ञा इंग्रजीऐवजी देशी भाषेत आणल्या. आज देहूरोडच्या शाळेत घरी तमिळ किंवा तेलुगू बोलणारं, वर्गात मराठी ऐकणारं पोर मैदानावर ‘पीछे मुड’ ऐकून वळतं, त्यामागे ही धडपड आहे.

याच पट्ट्यात, तळेगाव दाभाड्याला, प्रा. विष्णू गोविंद विजापूरकरांच्या समर्थ विद्यालयाने राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोग केला होता. उद्योगाबरोबर शरीर घडवणं हाही त्यातला भाग होता. इंग्रज सरकारने १९१०मध्ये ती शाळा बंद पाडली. मुलांनी बळकट व्हावं हे सरकारलाही हवं होतं. कुणासाठी व्हावं, यावर मतभेद होता.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार आणले. (हे साताऱ्याकडचं औंध, पुण्याहून देहूरोडला येताना लागतं ते नव्हे. हा गोंधळ माझाही कित्येक वर्षं होता.) त्यांचं म्हणणं सरळ होतं: साधन नको, मैदान नको, सतरंजीएवढी जागा पुरे. आजही जिथे मैदान नाही तिथे शाळेच्या मदतीला धावून येतात ते सूर्यनमस्कारच.

पण या गोष्टीतला सर्वांत रंजक माणूस लोणावळ्याचा. जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३, माणिकरावांच्याच आखाड्यात तयार झालेले, पुढे अमळनेरला शिक्षक. नंतरचे स्वामी कुवलयानंद. माळसरच्या परमहंस माधवदासजींकडे योग शिकल्यावर त्यांना प्रश्न पडला की नौलीत पोट घुसळताना आत नेमकं होतं काय? उत्तरासाठी त्यांनी पोथी उघडली नाही. क्ष-किरणाचं यंत्र गाठलं. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात दाब वातावरणाच्या दाबाहून खाली जातो, हे त्यांनी मोजून दाखवलं आणि त्या पोकळीला गुरूचं नाव दिलं. १९२४मध्ये कैवल्यधाम आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झालं.

हे सगळं शाळेपर्यंत कसं आलं? बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई इलाख्याने शारीरिक शिक्षणाची घडी बसवायला घेतली, तेव्हा त्यासाठी नेमलेल्या समितीचं अध्यक्षपद कुवलयानंदांकडे गेलं. १९३८मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था निघाली. म्हणजे ज्या माणसाने एकांतातला श्वास मोजला, त्याच्याकडेच हजारो मुलांच्या रांगेचं काम आलं. त्यांनी आसनांचीही सांघिक रचना केली. इथे मला नेहमी अडखळायला होतं. आसन म्हणजे स्वतःच्या गतीने आत जाणं. ते ‘एक, दोन, तीन, चार’वर शंभर जणांनी करायचं, तर उरतं काय, योग की कवायत? दुसऱ्या बाजूने, एका शिक्षकासमोर साठ मुलं आणि पस्तीस मिनिटं असतील तर आकड्यांवाचून करणार तरी काय? कुवलयानंद मास्तर होते, त्यांना तास किती वेळाचा असतो हे ठाऊक होतं.

स्वातंत्र्यानंतर पारडं पुन्हा शिस्तीकडे झुकलं. आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले, सावंतवाडीकडचे, यांनी १९५४मध्ये दिल्लीत निर्वासितांच्या मुलांपासून राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. फाळणीने उन्मळलेल्या मुलांना रांग, गाणी, ताल यांचा आधार मिळाला, हे त्या योजनेचं खरं यश. पण जखमी मुलांसाठी काढलेलं औषध मग सगळ्यांनाच पाजलं गेलं. पंडित हृदयनाथ कुंझरू समितीने अशा वेगवेगळ्या योजना एकत्र करायला सांगितलं आणि १९६५मध्ये त्यांचं राष्ट्रीय सुयोग्यता दल झालं. पुढे त्यातले शिक्षक राज्यांकडे वर्ग झाले. साठ-सत्तरच्या दशकात शाळेत असलेल्यांना खाकी पॅन्टीतले, कडक आवाजाचे सर आठवत असतील.

*

आता जमाना मोजणीचा आहे. फिट इंडिया मोहीम २०१९ची. तिच्यात चौथीपासून पुढच्या मुलांसाठी ठरलेल्या चाचण्या आहेत: उंची-वजन, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणं, पोटाचे व्यायाम, जोर. निकाल ॲपमध्ये भरायचा. ६०० मीटर ऐकायला किरकोळ. पण छावणीतल्या शाळेचं आवार लहान असतं. शंभर मीटरचा फेरा कसाबसा निघतो आणि सहा फेऱ्यांत बारा-पंधरा वेळा पाण्याच्या टाकीला, सायकलींच्या रांगेला आणि एकमेकांना चुकवावं लागतं. घड्याळात येते ती वेळ दमाची किती आणि वळणांची किती, हे ॲप विचारत नाही. तरीही ही चाचणी मला आवडली. कारण तिच्यात ‘किंवा चाल’ हे दोन शब्द आहेत. माझ्या काळी नव्हते.

दहावीला विषय आहे, श्रेणी आहे, पण टक्क्यांत त्याची भर नाही. टक्क्यांत भर पडते ती क्रीडागुणांची. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत गेल्या की हे गुण वाढत जातात, पंचवीसपर्यंत. खेळाडू मुलाला त्याच्या उन्हातान्हाचा मोबदला मिळावा, हे योग्यच. पण त्यामुळे शाळेचं लक्ष बारा मुलांच्या संघाकडे जातं आणि उरलेल्या अठ्ठेचाळीस जणांचा तास सावलीत बसून संपतो. तास बाराजणांचा नाही, साठजणांचा आहे, ही गोष्ट मला फिरताना पुन्हा पुन्हा सांगावी लागली, आणि दर वेळी समोरच्याने मान डोलावून विषय करंडकांच्या कपाटाकडे वळवला.

मुलींचं तर वेगळंच. एका शाळेत मी पाहिलं, मैदानाच्या कडेला पाच मुली बसलेल्या. सरांनी विचारलं नाही, मुलींनी सांगितलं नाही. ‘पोट दुखतंय’ एवढ्यावर दोन्हीकडे समजूत. आरोग्य व शारीरिक शिक्षण असं विषयाचं नाव आहे, आणि आरोग्यातली एवढी साधी गोष्ट बोलायची सोय नाही, कारण बहुतेक ठिकाणी शिकवणारा पुरुष आहे. त्या पाचजणींपैकी दोघींना खेळायचं होतं. मला नाही, त्यांच्या वर्गशिक्षिकेला त्यांनी नंतर सांगितलं.

याच राज्यात मुलींना मैदान मिळवून दिलं ते खो-खोने, हेही खरं. साधन लागत नाही, दोन खांब आणि फक्की पुरते. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळायची. २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये ती तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत धावली. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोची पहिली विश्वकरंडक स्पर्धा झाली, तेव्हा भारताच्या दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्रातले होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आणि दोन्ही संघ जिंकले. खो-खो नुसता पळण्याचा खेळ नाही. पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही, एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत सोडता येत नाही. अडलं तर बसलेल्याला खो देऊन आपण त्याच्या जागी बसायचं. आपला दम संपला की दुसऱ्याच्या पाठीला हात लावायचा, हे ज्या खेळात नियम म्हणून आहे, तो खेळ चौदाव्या वर्षी खेळलेला बरा.

कबड्डीतला दम तर उघडच. चढाई तीस सेकंदांची असते आणि तेवढा वेळ एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ चालू राहिलं पाहिजे. शब्द तुटला की गडी बाद. भीतीने श्वास आधी तुटतो, पाय नंतर. चांगले शिक्षक मुलांना आधी नुसतं उभं राहून दम घ्यायला लावतात, मग चालत, मग समोर एक गडी ठेवून. लोणावळ्यात ज्याला कुंभक आणि रेचक म्हणतील, ते इथे मुरमाच्या मैदानावर गुडघे फोडून शिकलं जातं. दोघांची गाठ घालून द्यायचं काम अभ्यासक्रमाने अजून नीट केलेलं नाही. २०२३च्या राष्ट्रीय आराखड्याने शारीरिक शिक्षणाला बाकीच्या विषयांच्या पंक्तीत बसवलंय आणि एनसीईआरटीने सहावीसाठी ‘खेल यात्रा’ नावाचं पाठ्यपुस्तकही काढलंय. पुस्तक आलं म्हणजे परीक्षा येणार, आणि परीक्षा आली की गाईड येणार. कबड्डीचं गाईड मला बघायचंय.

देहूरोडला जागेचं दुखणं वेगळं आहे. जमीन भरपूर दिसते, पण ती संरक्षण खात्याची. भिंतीपलीकडे हिरवी, मोकळी मैदानं आणि अलीकडे दाटीवाटीची वस्ती. थोड्या अंतरावर गहुंजेला २०१२पासून सुमारे सदतीस हजार प्रेक्षकांचं क्रिकेटचं मैदान आहे. बालेवाडीला १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं क्रीडासंकुल आहे. दोन्हींच्या मध्ये राहणारी मुलं रस्त्याच्या कडेला विटा मांडून खेळतात. कबड्डीच्या एका मैदानाला १३० चौरस मीटर लागतात. वाहनतळाला याहून जास्त लागतात, आणि ते मिळतात.

एक मोकळी जागा मात्र कुणी अडवलेली नाही, घोरावडेश्वराचा डोंगर. वर जुनी बौद्ध लेणी, त्यातल्या एकात महादेव; भंडारा, भामचंद्र यांच्याबरोबर तुकोबांच्या चिंतनाची जागा म्हणून सांगतात तोही हाच. शेवटच्या दिवशी मी पायऱ्या चढायला घेतल्या. निम्म्यात छातीचा भाता झाला. कठड्याला धरून उभा होतो, तेवढ्यात शाळेच्या ट्रॅकपॅन्टीतल्या तीन मुली मागून आल्या. तालुक्याच्या स्पर्धेसाठी रोज चढतात म्हणे. एक जण थांबली.

‘काका, तोंडाने नका घेऊ. नाकाने घ्या.’

मी मान हलवली, बोलायला वारा नव्हता.

‘चार पायऱ्यांना आत, चार पायऱ्यांना बाहेर,’ ती म्हणाली, आणि माझ्या बाजूने मोजत चढू लागली. एक, दो, तीन, चार. आकडे हिंदीत होते, चाल संचलनाची. पाचव्या वळणावर मला जमायला लागलंय असं तिला वाटलं असावं. ती आकडे अर्धेच सोडून मैत्रिणींमागे पळाली. मी पुढचे आकडे मनात म्हणत राहिलो. उजवा पाय चारवर यायला हवा होता. तो पाचवर येत होता.